श्रेणिकचं हाड

डावा हात खांद्याच्या वर नेला की आधी कातडी सरकते, मग ती गाठ. दोन्हींच्या मध्ये जाणारा वेळ पापणी लवण्याहूनही कमी असतो, पण असतो. आरशाकडे पाठ करून, उजव्या हातात दुसरा आरसा धरून पद्मजा रोज सकाळी हे बघत असे. गाठ खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाखाली, बरगड्यांच्या बाजूला होती. मोठ्या लिंबाएवढी. तिच्यावरची कातडी ताणलेली, किंचित चकचकीत. गेल्या काही दिवसांपासून कातडी आणि गाठ एकदमच सरकत होत्या. आणि आज हात कानाच्या उंचीला पोचला, तसा थांबला. दुखलं काहीच नाही. नुसता थांबला.

तिनं तो खाली घेतला, पुन्हा वर नेला. पुन्हा तिथंच.

"पद्मा, बादली उचलू नगंस हं," स्वयंपाकघरातून आईचा, त्रिशलाबाईंचा, आवाज आला.

"मी खोलीत आहे आई. बादली कुठनं आली इथं?"

"आधीच सांगून ठेवलं."

गाठ पद्मजाची नव्हती. तिच्या धाकट्या भावाच्या, श्रेणिकच्या, मांडीच्या हाडाचा तो वरचा गोल माथा होता, आणि कित्येक महिने तो तिच्या पाठीच्या स्नायूत वाढत होता.

श्रेणिक लग्नांचं चित्रण करायचा. उडते कॅमेरे गावोगाव आले तरी त्याचं काम टिकलं होतं, कारण नवरीच्या डोळ्यांत पाणी केव्हा येणार हे उडत्या कॅमेऱ्याला कळत नाही, असं तो म्हणायचा आणि लोकांना ते पटायचं. नवरा-नवरी मंडपात शिरले की त्यांच्यापुढं तो कॅमेरा धरून उलटा चालत जाई. सांगलीजवळच्या एका लग्नात असाच उलटा चालत तो उंच स्टेजच्या कडेवरून मागं सिमेंटवर पडला. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. त्यातलं शेवटचं दृश्य म्हणजे घाबरलेली नवरी आणि मग मंडपाचं छत.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक आखूड मान असते आणि त्या मानेवर खुब्याच्या वाटीत बसणारा चेंडूसारखा माथा. माथ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात, आणि त्यातल्या बहुतेक मानेला चिकटून वर चढतात. मान मोडली की त्याही तुटतात. मग माथा मरतो. मेलेलं हाड लगेच मेल्यासारखं दिसत नाही. एक्स-रेमध्ये गोलाई शाबूत असते, माणूस काठी टाकून चालूही लागतो. पण जिवंत हाड सतत स्वतःला थोडं थोडं पोखरून नव्यानं बांधत असतं. मेलेल्या हाडाला ते जमत नाही. त्यातल्या बारीक चिरा साठत जातात, आणि एक दिवस अंड्याचं कवच दबावं तसा माथा बसतो.

श्रेणिकचा तसाच बसला. शिवाय मोडलेली मान जोडण्यासाठी घातलेल्या स्क्रूंच्या वाटेनं हाडात जंतू शिरले होते. धातूवर जंतूंचा थर बसला की औषध त्याच्या आतवर पोचत नाही, त्यामुळं धातूचा सांधा बसवणं धोक्याचं झालं. जुना उपाय एकच उरला होता: माथा काढून टाकायचा आणि जागा रिकामी ठेवायची. त्यात पाय आखूड होतो. कुबडी जन्माची.

नवा उपाय मिरजेच्या रुग्णालयात होऊ लागला होता. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी घ्यायच्या, कॅल्शियमच्या जाळीदार साच्यात त्या पेरायच्या आणि साचा एखाद्या निरोगी शरीरात, मोठ्या रक्तवाहिनीशेजारी ठेवायचा. श्रेणिकच्या स्वतःच्या शरीरात तो ठेवता येत नव्हता, कारण रक्तातून फिरणारे जंतू तिथंही घर करणार. ज्याच्या ऊती जुळतात असं सख्खं भावंडच त्याला चालतं. पाठीच्या रुंद स्नायूत रक्त भरपूर. तिथं साच्यात वाहिन्या शिरतात, पेशी हाड बांधू लागतात, आणि माथा पक्व झाला की त्याच्या रोहिणीसह आणि शिरेसह उचलून रुग्णाच्या खुब्यात बसवतात. ज्याच्या शरीरात तो वाढतो त्याला डॉक्टर 'पोषक' म्हणत. पद्मजाच्या गल्लीनं तिचं नाव 'हाडवाली' ठेवलं.

हाडाला रक्ताखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ताण. ताण नसेल तर ते विरळ राहतं. म्हणून पद्मजाला छातीभोवती बांधायचा एक पट्टा दिला होता. तो गाठीला ठरावीक लयीत हलके हिसके देई. रोजची कामं करत राहा, असंही सांगितलं होतं.

त्रिशलाबाईंना रक्ताचं पटलं, ताणाचं पटलं नाही. पोटात असो की पाठीत, काहीतरी वाढतंय म्हटल्यावर बाईनं वाकायचं नाही, उचलायचं नाही, उपाशी राहायचं नाही. त्यांनी डिंकाचे लाडू केले, हळिवाचे केले. गल्लीतल्या बायका हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. लग्न न झालेल्या बाईला डोहाळजेवण घालावं की नाही यावर ओट्यावर थोडी चर्चा झाली. मग, "भावाचंच हाड हाय, त्यात काय?" असं म्हणून घातलं. झोपाळा नव्हता, म्हणून तिला श्रेणिकच्या फिरत्या खुर्चीत बसवलं.

"अक्का," कुबडीवर रेलून चित्रण करत श्रेणिक म्हणाला, "पेढा की बर्फी?"

"तुझा खुबा," पद्मजा म्हणाली, आणि बायका पोट धरून हसल्या.

आणि रोज सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं की तेल.

'गाठीला चोळायचं नाही,' असं रुग्णालयानं बजावलं होतं. त्रिशलाबाईंनी ते तंतोतंत पाळलं. कोमट खोबरेल तळव्यावर घेऊन त्या गाठीच्या भोवतीनं, फऱ्याच्या कडेनं, काखेपर्यंत अंगठ्यानं दाबत जात. "गाठीला हात लावत न्हाई मी. बाजूबाजूनं. स्नायू मोकळा झाला की हाडाला जागा हुईल." पद्मजाला एकदोनदा वाटलं, विचारावं डॉक्टरांना. विचारलं नाही. ती वीज कंपनीत लाइनवर लागली, खांबावर चढू लागली, तेव्हापासून आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. बाईमाणसानं खांबावर चढायचं ही गोष्ट त्रिशलाबाईंनी कधी मान्य केली नाही. भांडणही केलं नाही. नुसता हात काढून घेतला. आता तोच हात परत आला होता, कोमट आणि तेलकट, आणि पद्मजा उशीत तोंड खुपसून पडून राहायची.

हात अडू लागल्याचं तिनं फोनवर कळवलं, तेव्हा मिरजेच्या डॉ. अनुपमा कित्तूर यांनी त्याच दिवशी बोलावलं. स्कॅन झाला. पडद्यावर माथा सुंदर दिसत होता, गोल, आत जाळी धरू लागलेली. त्याच्या एका बाजूनं मात्र काखेच्या दिशेला पांढऱ्या बारीक रेघा गेल्या होत्या.

"हे काय?" पद्मजानं विचारलं.

"हाडच. पण आपण न सांगितलेलं." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "ही जागा हाड बांधण्याच्या संदेशांनी भरलेली आहे. शेजारच्या स्नायूला वारंवार इजा झाली, अगदी सूक्ष्म, की त्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या पेशी तो संदेश ऐकतात आणि स्नायूऐवजी हाड बांधायला लागतात. पाठीला कोणी मालिश करतं का?"

पद्मजा पडद्याकडे बघत राहिली. "गाठीला नाही."

"भोवती?"

पद्मजाची नजर त्या पांढऱ्या रेघांवरून काखेपर्यंत गेली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

"थांबवता येईल?"

"पसरणं थांबवणारं औषध आहे. पण ते माथ्याचं वाढणंही थांबवतं. औषधाला दोन्ही हाडं सारखीच." डॉक्टर खुर्ची तिच्याकडे वळवून बसल्या. "माथा अजून मऊ आहे. आत्ता काढला तर तुमचा खांदा वाचेल. या रेघा मी त्याच वेळी खरवडून काढीन. श्रेणिकच्या खुब्यात तो बसवूही, पण वर्षभर त्याला पाय टेकता येणार नाही, आणि तरी असे कोवळे माथे निम्म्याहून कमी वेळा टिकतात. अजून दोनेक महिने थांबलो तर माथा पक्का होईल, श्रेणिक चालेल. पण तोवर हे काखेतून पुढं गेलेलं असेल. नंतर कापलं तरी हात डोक्याच्या वर जाईल असं मी म्हणणार नाही."

"दुसरा साचा?"

"त्याच्या मज्जेत आता पेरण्यासारख्या पेशी उरलेल्या नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. पद्मजानं डावा हात मांडीवर उलटा ठेवला आणि तळव्याकडे बघितलं. लाइनवरच्या माणसाची दरवर्षी चाचणी होते: दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोर धरायचा आणि स्वतःचं वजन वर ओढायचं.

"घरी काही सांगू नका," ती म्हणाली.

"मी सांगणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल." नियम असा होता की पोषकाची सही चालत नसे. सुरुवातीच्या काळात सह्या घरचेच करून आणत, किंवा घरच्यांच्या डोळ्यांदेखत त्या केल्या जात, आणि बाई मान खाली घालून टेबलावर झोपे. बहुतेक पोषक बहिणीच निघाल्या होत्या. म्हणून आता पोषकानं हाड घेणाऱ्याकडे बघत, डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. बाकी कुणाचं बोलणं धरलं जात नसे. "घाई करा असं म्हणायला मला आवडत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण न बोलणं हाही इथं निर्णयच आहे. हाड थांबत नाही."

त्या दिवसापासून पद्मजाला एका जागी बसवेना. भाजी निवडायला बसली की उठायची, दाराशी जायची, परत यायची. पट्ट्याचे हिसके आधी सवयीचे झाले होते, आता प्रत्येक जाणवायचा. झोपेत कूस बदलली की आत काहीतरी पुढं सरकल्यासारखं वाटून जाग यायची. तेलाला ती नको म्हणाली.

"का? दुखलं काय?"

"नाही."

"मग?"

"नको वाटतंय."

त्रिशलाबाईंनी वाटी परत नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली, पुन्हा नेली. त्यांचा चेहरा पूर्वीसारखा मिटला. खरं सांगितलं तर तो कसा होईल, याचा विचार पद्मजा करायला जायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची.

एका सकाळी ती कंपनीच्या आवारात गेली. सरावाच्या खांबापाशी दिलावर मुजावर तारा गुंडाळत होता. तिच्याआधी बरीच वर्षं तो लाइनवर होता, आणि तिला पहिल्यांदा चढायचा पट्टा कसा अडकवायचा हे त्यानंच दाखवलं होतं.

"या हाडवाली! इकडं पण पोचलं बरं का नाव."

"दिलावरभाई, जरा चढू का?"

"सुट्टीवरच्या माणसानं?"

"चार हात वर. लगेच उतरते."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पट्टा तिच्याकडे फेकला. पहिल्या पायऱ्या सोप्या गेल्या. वारा लागला तसं तिला बरं वाटलं. वर गेलं की खालच्या माणसांचे आवाज आधी लहान होतात आणि माणसं नंतर, हे तिला फार आवडायचं. मग तिनं पुढच्या दांडीकडे डावा हात नेला. बोटं दांडीच्या खालीच राहिली. तिनं अंग ताणलं, टाचा उचलल्या. राहिलेलं अंतर वीतभरही नव्हतं.

"उतरा," खालून दिलावर म्हणाला.

"थांबा."

"बाई, उतरा म्हणतोय मी."

ती उतरली. त्यानं पट्टा काढून घेतला, घडी करून खांद्यावर टाकला. "तक्रार-कक्षात खुर्ची बरी आहे," तो म्हणाला. "गुडघा गेला होता तेव्हा बसलोय मी. चहा जागेवर येतो. दुपारपर्यंत तीन चहा होतात, आणि दिवस काही संपत नाही."

"मला कुणी बसवलेलं नाही अजून."

"म्हणूनच सांगतोय."

दुपारी श्रेणिक मागच्या पडवीत पाय लांब करून जुनी चित्रणं लावत बसला होता. पद्मजा त्याच्यासमोर दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अक्का, एकतर बस, नाहीतर बाजूला हो. नवरी दिसेना."

ती बसली, आणि सांगितलं. रेघांचं, औषधाचं, आत्ता काढण्याचं आणि थांबण्याचं. मालिशचं सांगितलं नाही.

"म्हणजे तुझा हात नाहीतर माझा पाय."

"इतकं सरळ नाही. आत्ता काढला तरी..."

"मला सरळच सांग. मी आर्ट्सचा."

"आत्ता काढला तर तुझा पाय, कदाचित. थांबलो तर माझा हात, नक्की."

त्यानं चित्रण थांबवलं. पडद्यावर एक वरमाय तोंड उघडं ठेवून थिजली.

"आता मी म्हणायला पाहिजे न्हवं, 'अक्का, तू माझा विचार करू नकोस'?"

"म्हण की."

"म्हणवत नाही गं." तो खुब्यावर हात ठेवून बसला होता, दुखत असल्यावर ठेवायचा तसा. "नाही म्हणालीस तर मला राग येईल. लई दिवस येईल. पण तो माझा आहे, त्याचं मी बघीन."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर जन्मभर तुझ्या हाताकडं बघत तुझ्याशी गोड बोलीन." तो तोंड वाकडं करून हसला. "विचार कर कसं वाटेल ते."

पद्मजाला हसू आलं.

"पसरलं कशानं पण?"

"होतं कधीकधी," ती म्हणाली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता.

ठरलेल्या तारखेला तिघं मिरजेला गेले. रिक्षातून उतरताना श्रेणिकला आधार द्यायला पद्मजानं डावा हात पुढं केला, मग बदलून उजवा केला. त्रिशलाबाईंनी ते बघितलं.

डॉ. कित्तूर यांनी नवा स्कॅन पडद्यावर लावला. रेघा जाड झाल्या होत्या आणि त्यातल्या काही एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. पद्मजा आईच्या आणि पडद्याच्या मध्ये येईल अशी खुर्ची ओढत होती, पण त्रिशलाबाई उभ्याच होत्या.

"डॉक्टरीणबाई, ह्ये पांढरं काय?"

"ते हाड आहे, स्नायूत पसरलेलं. त्यामुळं यांचा हात अडतोय."

"असं कशानं हुतंय?"

डॉक्टरांनी पद्मजाकडे बघितलं. पद्मजानं मान हलवली नाही. डॉक्टर शब्द जुळवत म्हणाल्या, "कारणं बरीच असतात. स्नायूला मार बसला, सारखा दाब आला, चोळला गेला..."

त्रिशलाबाईंचा उजवा हात पदराखाली गेला. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. श्रेणिक आधी आईकडे, मग बहिणीकडे बघू लागला, आणि त्याला कळलं हे पद्मजाला दिसलं.

"मी बाजूनंच..." त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "बरं, झालं ते झालं. आता दोन म्हयन्याचा तर प्रश्न हाय. इतकं सोसलंय, एवढंबी सोसंल ती. पोराला उभं राहू दे. हाताचं मी बघीन. तिला भरवीन, तिची वेणी घालीन, सगळं करीन मी."

"आई, वेणीचं नाही चाललेलं," श्रेणिक म्हणाला.

"तू गप. डॉक्टरीणबाई, ठेवा ते हाड. ती हो म्हणतीया."

"त्यांनी सांगायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

"ती काय सांगणार? तिच्या तोंडावर दिसंना झालंय काय तुमाला? मी आई हाय तिची."

"आई," श्रेणिकनं कुबडी फरशीवर आपटली. "तिला बोलू दे."

पद्मजानं आईचा पदराखालचा हात बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला. अंगठ्याची कातडी तेलानं मऊ पडलेली होती. इतके दिवस ती शब्द जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्यात आधी कारण यायचं, मग माफी, मग आईला वाचवणारी एखादी पळवाट. आता त्यातलं काहीच आठवेना. पट्ट्याचा एक हिसका बसला. ती डॉक्टरांकडे बघून बोलू लागली, मग तिला नियम आठवला आणि ती श्रेणिककडे वळली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यानं नजर हटवली नाही.

"आत्ताच काढा," ती म्हणाली. "जे कमी पडायचं ते ह्याच्या पायात पडू दे. माझ्या हातात नको."